अब्राहमभाऊंच्या मांडवातली वाळुंज

अब्राहमभाऊ गेले, आणि माझी माफी मागायची राहूनच गेली.

रिबेका, पोरी, तुझा मेसेज सकाळी वाचला.
तू कशी आहेस? आईचे गुडघे काय म्हणतात? जावईबापूंची शुगर? पोरं मराठी बोलतात का अजून?

इथल्या मित्रांसाठी थोडं सांगतो.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराला नेवाशात आमच्या गल्लीत एकच ज्यू घर. रिबेकाचे वडील अब्राहमभाऊ, वेल्डिंगचं दुकान. पावसाळा सरता सरता त्यांचा मांडवाचा सण यायचा, सुक्कोथ.
अंगणात बाजरीच्या सरमाडाचा मांडव. छप्पर इतकं विरळ, की जेवताना चांदण्या दिसाव्यात.
आठवडाभर जेवण तिथंच. अन् पंगतीला सगळी गल्ली.

प्रार्थनेला चार जिनसा हातात एकत्र धरायच्या. एक जरी कमी पडली तरी प्रार्थना होत नाही.
शिंदीचा, म्हणजे रानखजुरीचा, कोंब शेजारचा रावसाहेब रानातून आणायचा. लिंबाच्या जातीचं महाळुंग गल्लीतले उस्मानभाई नगरहून. विलायती मेंदी वहिनींच्या, म्हणजे रिबेकाच्या आईच्या, कुंडीतली.
नदीकाठच्या वाळुंज झाडाची फांदी मी.

एकदा पंगतीत भाऊंनी अर्थ सांगितला.
"महाळुंगाला चव हाय, वासबी हाय. खजुराला नुसती चव. मेंदीला नुसता वास. वाळुंजीला दोन्ही न्हाई. पर चौघं एका मुठीत आल्याबिगर देवाला चालत न्हाई."

रावसाहेब म्हणाला, "मंग वाटणी बराबर केली की भाऊ! ना वास, ना चव, ते आमच्या गौतमकडं!"

सगळे हसले. मीही हसलो.
पण आमच्या बुद्धविहाराकडच्या माणसानं असलं हसणं लई ऐकलेलं असतं.
भाऊही हसले. तेच लागलं.

पुढच्या वर्षी मी फांदी नेली नाही.

सणाच्या आदल्या दिवशी भाऊ सायकलवर पंप हाऊसला आले. मी तिथं मोटरीवर ड्यूटीला. वाळुंज दहा पावलांवर.
"गौतम, औंदा इसरला व्हय?"
"न्हाई. नदी काय माझ्या बापाची न्हाई. तोडून न्या."

भाऊंनी सायकल वळवली. झाडाला हातही न लावता गेले.

रोज नदीवर जाणारा गल्लीत मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडं होतं. एवढं मला कळत होतं हो. पण राग डोक्यात शिरला की सरळ बैलही मारका दिसतो.

पुढच्या उन्हाळ्यात ते सगळे इस्राएलला गेले. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी पंपावरच बसून राहिलो.
तिकडून भाऊंची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही.

आज रिबेकानं लिहिलंय, त्या वर्षी पप्पांनी तिन्ही जिनसा ताटात ठेवून दिल्या. प्रार्थना म्हटलीच नाही.
ती तेव्हा लहान. तिनं विचारलं, "पप्पा, तुम्हीच का नाही तोडून आणली?"

"फांदी आणली असती गं. गौतम कुठनं आणू?"



भाऊ, तुमचं एक हसणं मी धरून बसलो. इतकी वर्षं शेजारी बसवून जेवू घातलंत, ते सोडून दिलं.
चूक माझी. हा शेवटचा नमस्कार घ्या.

रिबेका, तुझ्या वडिलांच्या दोन्ही पत्रांना मी उत्तर दिलं नाही. तू माझ्यासारखं करू नकोस.
लवकर लिही.