माणिकराव आणि चावरं मशीन

लग्नाच्या मांडवात शिरलं की लोक वधूवरांकडे जातात. काही अनुभवी मंडळी थेट पंगतीकडे. माणिकराव मांडवाच्या मागे जात. जनरेटरपासून निघालेल्या वायरी कुठे जोडल्या आहेत, जोडांवर टेप आहे की नुसतीच श्रद्धा, हे पाहून झालं की मग अक्षता. एकदा त्यांनी बाशिंग बांधलेल्या नवरदेवाला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं. त्याच्या लोखंडी खुर्चीखालून उघडी वायर गेली होती. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानात काही बिनसलं.

सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपात ते विजेच्या कामावर देखरेख करणारे चार्जमन होते. निवृत्तीनंतर नल्लकुंट्यात आमच्या समोरच्या घरात राहत. घराणं जुन्या निजामी मुलखातलं, शेतकऱ्याचं. मातृभाषा मराठी, पण ती हैदराबादेत इतकी मुरलेली की पुण्याहून नव्याने आलेल्या मला पहिला महिनाभर निम्मंच कळे. ‘कामून’ म्हणजे ‘का’ आणि ‘नक्को’ म्हणजे ‘नको’, हे दोन शब्द समजले की माणिकराव बरेचसे समजत. घरात फ्यूज उडाला म्हणून मी वैतागले, तेव्हा ते म्हणाले, “खुश व्हा बाई. घरात एकजण तरी खरं बोलायलाय.”

आमचे घरमालक नानासाहेब वरच्या मजल्यावर राहत. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. उदारीकरणाची ती पहिली वर्षं. बाजारात देशी वॉशिंग मशीन मिळू लागली होती. पण नानासाहेबांच्या मुलाने अमेरिकेतून स्वतःचं मशीन बोटीने पाठवलं. नारळ फुटला, मशीनवर स्वस्तिक उमटलं आणि गल्लीतल्या लोकांना ते पाहायला बोलावलं गेलं. चहा होता, म्हणून मीही गेले.

तिकडची वीज एकशेदहाची, आपली दोनशेतीसची. म्हणून आबिड्सच्या एका दुकानातून दाब कमी करणारा जड डबा आणला होता. डब्याला दोनच चपट्या खाचा होत्या. मशीनच्या प्लगला दोन चपट्या पिना आणि तिसरी गोल. नानासाहेबांनी ती तिसरी पिन स्वहस्ते हॅक्सॉने कापून टाकली. “अमेरिकेत सगळंच जादा असतं,” ते आम्हाला म्हणाले.

माणिकराव तेव्हा गावी गेले होते.

आठवड्याभरात यादम्माने मशीनला हात लावायचं सोडलं. ती वरच्यांकडे धुणंभांडी करायची. “काट रई वो, अम्मा. मैं हाथ नै लगाती,” एवढंच ती नानासाहेबांच्या पत्नीला, मालतीकाकूंना, सांगे. काकू स्वतः दिवसातून दोनदा मशीन पुसत. त्यांना कधी काही चावलं नव्हतं. नानासाहेबांनी निदान केलं: यंत्र आलं की काम जाईल या भीतीने बाई थापा मारते आहे. “उद्या मशीन लावलं नाहीस तर परवापासून येऊ नकोस.” यादम्माचा नवरा अंथरुणाला खिळलेला. हे काम म्हणजे तिच्या घरची चूल होती.

जिन्याच्या पायरीवर ती डोळे पुसत बसलेली होती, मी तिच्याजवळ उभी होते. गावाहून परतलेले माणिकराव पिशवी घेऊन समोरच रिक्षातून उतरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं.

“वर जाताना चप्पल कहाँ निकालती?”

“दरवाजे के बाहर. और कहाँ?”

“और अम्मा?”

“अम्मा तो घर में बी रबर की पहनती.”

पिशवी माझ्या हातात देऊन ते वर गेले. मीही मागोमाग गेले. असले प्रसंग चुकवू नयेत. त्यांनी होल्डरमध्ये बल्ब लावला, त्याच्या एका वायरीचं टोक मशीनच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं नळाच्या लोखंडी पाइपाला. बल्ब लागला. मंद, पिवळा.

“अगदीच मिणमिणता आहे,” नानासाहेब म्हणाले.

“मानूस मारायला एवढा उजेड पुरतो, साहेब.” मग त्यांनी ओल्या फरशीकडे बोट केलं. “चप्पल काढा. हितं उभं ऱ्हावा. अन् लावा हात.”

नानासाहेबांनी बल्बकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. चप्पल पायातच राहिली.

“कामून नक्को? ती रोज लावायची की.”

नानासाहेबांनी पुढे होऊन मशीनचा प्लग काढला. 

पुढचे तीन दिवस माणिकराव त्या घरात राबले. मशीनच्या आत एका वायरीचं रबर पत्र्याला घासून गेलं होतं, ती बदलली. तीन खाचांचा डबा आणि तीन पिनांचा प्लग आला. अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलं. “तुम्ही कापली ती पिन जादा नव्हती, साहेब. करंट चुकला तर त्याला घरी जायची वाट व्हती. वाट बंद केली, मग तो हिच्या अंगातून गेला.” शेवटी काकूंना त्यांनी सांगितलं की यादम्माला घरात चप्पल घालू द्यायची.

“अहो, वाटेत देवघर आहे!”

“देवाला म्हणावं, माणिकरावानं सांगितलंय.”

माणिकराव पुढे बऱ्याच वर्षांनी झोपेत गेले. शोकसभेत एका वक्त्याने त्यांना ‘कर्मयोगी’ म्हटलं. ते असते तर हा माईक कुठून जोडलाय ते बघायला उठून गेले असते. मला मात्र ते आठवतात ते त्या तिसऱ्या दिवशीचे.

काम संपलं होतं. सगळे म्हणत होते, आता काही भीती नाही. नव्याकोऱ्या निळ्या चपला घालून यादम्मा मोरीच्या दारातच उभी होती, आणि आत यायला तयार नव्हती.

“सब साहब लोगां पहले बी येइच बोले थे,” ती म्हणाली.

माणिकरावांनी तिला समजावलं नाही. त्यांनी वहाणा काढल्या, नळाखाली पाय भिजवले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि ओल्या फरशीवर उभे राहिले. काकूंनी मशीन सुरू केलं. माणिकरावांनी थरथरत्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले आणि यादम्माच्या नवऱ्याची चौकशी सुरू केली. औषध कुठलं, डॉक्टर कोण, जेवतो का नीट. कपडे धुऊन होईपर्यंत ते तसेच उभे होते, आणि ती एकेक उत्तर देत एकेक पाऊल आत येत होती. अखेर तिने एक बोट टेकवलं. मग सगळा हात.

“नै काटता,” ती म्हणाली.

माणिकराव हसत बाहेर निघाले. यादम्माने मागे वळून पाहिलं. ओल्या पावलांचे ठसे मोरीपासून दिवाणखान्यापर्यंत गेले होते.

“अरे बुड्ढे, अब्बीच पोंछा मारी थी मैं! दिखता नै क्या?”

“हौ माँ, गलती हो गई,” माणिकराव म्हणाले, आणि तिने दम दिला तसे, पाय सुकेपर्यंत दाराशी मुकाट्याने उभे राहिले.