साध्या कचऱ्यातली सुई

स्पिरिटचा वास आला की दारव्ह्याचा तो छोटा खासगी दवाखाना आठवतो. मी तिथे नवीन नर्स होते. एका दुपारी घाईत मी वापरलेली सुई सुयांच्या डब्यात न टाकता साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. थोड्या वेळाने झाडझूड करणाऱ्या मावशी बोटाला पदर गुंडाळून उभ्या दिसल्या. “काई नाई बाई, सुई टोचली. होत राह्यते असं.” ती सुई ज्या पेशंटला टोचली होती, त्याला हिपॅटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ होती. मी त्यांचं बोट साबणाने धुतलं आणि विचारलं, “मावशी, काविळीची लस घेतली होती ना?” “आमाले कोन देते? ते तं तुमा सिस्टर लोकायची असते.” मी डॉक्टरांना लगेच सांगितलं, पण सुई कोणी टाकली ते सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मावशींना यवतमाळला नेऊन लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन आणि लस दिली. सहा महिन्यांनी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता मी नव्या नर्सना शिकवते आणि सफाईच्या बायकांना लस मिळाली का ते आधी बघते. ही हकिकत दर वर्षी सांगते. इतकी वर्षं “एका नर्सने सुई टाकली” असं म्हणत होते. यंदा पहिल्यांदा “मी” म्हणाले.