बंधुमंडळातले आमचे भासरे

मी विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात मोटारीच्या पाइपाला लटकलेली असताना वर काठावर उभं राहून बैलाशी बोलणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच निघाला असता. ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. "बैला, सांग तिले, दोर कमरेले बांध म्हणा," ते म्हणाले. मी खालून ओरडले, "बैला, सांग त्याइले, बांधला म्हणा!" आमच्या घरात भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिचं तोंड पाहायचं नाही, तिला शिवायचं नाही, अशी रीत होती. मी मरायला टेकले होते, तरी रीत चालूच होती.

एरवी भासरे साऱ्या जगाचे भाऊ. अल्लीपुरात दुकानदार, मास्तर, शेतकरी मिळून एक बंधुमंडळ चालवायचे. दर गुरुवारी मारुतीच्या देवळामागे जमायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि नियम म्हणायचे. खोटं बोलायचं नाही. कुणाबद्दल मागून बोलायचं नाही. अडलेल्याला हात द्यायचा, त्याची जात, नातंगोतं विचारायचं नाही. बाकीचे लोक नियम म्हणून घरी जात. भासरे ते पाळत. त्यापायी आमचं किराणा दुकान बसायची वेळ आली. गिऱ्हाइकानं तूरडाळ मागितली की हे सांगणार, "जुनी आहे, शिजत नाई. पलीकडच्या दुकानात चांगली आहे, तिथं जा." एकदा तर भर उन्हात जाम गावाला गेले आणि व्याह्यांच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्या लग्नातली वांग्याची भाजी खारट होती. मी हे घरी बोलणार आहो, म्हणून आधी तुमाले सांगाले आलो." व्याही पुढं वर्षभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

माझ्यापुरती मात्र त्यांची गाडी अडायची. मला काही सांगायचं तर दाराच्या चौकटीला सांगायचे, "चौकटी, चहात साखर नाई." मी चुलीवरच्या पातेल्याला म्हणायचे, "दुकानदाराच्याच घरी साखर नाई, त्याले मी काय करू?" मंडळातल्या मास्तरांनी एकदा टोमणा मारला, "भाऊ, साऱ्या गावाचे बंधू झाले तुमी, घरची सून काय मंडळाबाहेर आहे?" भासरे मान खाली घालून घरी आले. त्या रात्री जेवले नाहीत. पण माझ्याशी बोललेही नाहीत.

विहिरीचं म्हणाल, तर मी मोटार सुरू करायला गेले आणि कठड्याचा दगड निसटला. आमचे मालक हिंगणघाटच्या बाजारात गेलेले, शेतात भासरे आणि बैल सोडून दुसरं कुणी नाही. दोराचं दुसरं टोक बांधलेल्या बैलानं ओढत मला काठापर्यंत आणलं, तोच दोर दगडावर घासून तुटायला लागला. आता कुणीतरी हात धरणं भाग होतं. भासऱ्यांनी हात दिला, पण डोळे मिटून! माझा पदर केव्हाच पाण्यात गेला होता ना. हात हवेत चाचपडतोय, कधी गवत धरतोय, कधी माझे केस ओढतोय.

"भाऊजी, डोळे उघडा न! काऊन मारून राह्यले मले?"

त्यांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत मी ते तोंड पहिल्यांदा समोरून पाहिलं. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं होतं. "हात दे, पोरी," ते म्हणाले आणि मनगट असं धरलं की बांगड्या फुटल्या.

गुरुवारी मंडळात उभं राहून त्यांनी स्वतःच सांगितलं, "मी धाकट्या सुनेचा हात धरला. पण आधी डोळे मिटले. ते चुकलं माझं." कुणी हसलं नाही म्हणतात.

त्यानंतर माझ्याशी ते सरळ बोलत. जास्त नाही. "पोरी, ऊन लागते, आत बस," एवढंच. मी बसायची नाही, आणि तेही पुन्हा सांगायचं सोडत नसत.

आता मंडळ नाही. देवळामागे मोटरसायकली उभ्या असतात. माझी धाकटी सून तिच्या भासऱ्याला दादा म्हणते, मोबाइलवर त्याच्याशी कचाकचा भांडते. मला ऐकायला बरं वाटतं. भासरे म्हातारे होऊन, झोपेतच गेले. बैल त्यांच्या आधी गेला. त्या दिवशी विहिरीवर होतो त्यांच्यातली आता मीच उरले आहे.