शून्य म्हणजे हो

रविवार, सकाळी. हजर: डॉक्टरसाहेब, प्रोग्रामर इम्रान, काउंटरवरची अनिसा आणि मी. वाशीमच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही डेटाबेस सांभाळणाऱ्या वसंतरावांच्या शोकसभेसाठी जमलो होतो. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "जिद्दी माणूस." मी मान हलवली नाही. ती जिद्द नव्हती, ताठा होता. कुणी जवळ आलं की कीबोर्डवर रुमाल टाकणारा माणूस... पेशंटची नोंद करणारी प्रोसिजर, म्हणजे छोटासा प्रोग्राम, त्यांनी डेटाबेसमध्ये लिहून ठेवली होती. काम झालं की ती शून्य परत द्यायची, फसलं की उणे एक. इम्रानचा प्रोग्राम ते उत्तर उचलायचा आणि शून्याला 'नाही', बाकी कशालाही 'हो' समजायचा. त्यामुळे नोंद नीट झाली की पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'नोंद झाली नाही'.

इम्रान तेव्हा त्यांना म्हणायचा, "चाचा, शून्य कायले पाठवता? एक पाठवा ना."

"शून्य म्हंजे शून्य चुका. तुले वाचता येत नाई, त म्या काय करू?"

"मंग मी बी नाई बदलत."

दोघांपैकी कुणीही एक ओळ बदलली असती तर विषय संपला असता. पण दोघेही शहाणे! शेवटी काउंटरलाच शिकवलं गेलं, की 'नाही' आलं म्हणजे झालं. साहेब याला पद्धत म्हणायचे. रविवारी तर त्यांनी डोळे पुसत जाहीर केलं, "वसंतरावांच्या कामाले कोणी हात लावायचा नाई." याला श्रद्धांजली म्हणतात म्हणे.

सोमवारी अनिसा हसत आली. "ताई, आज मशीन हो म्हणलं! इम्रानभाईनं सुधरवलं वाट्टे."

इम्रानने काहीही सुधरवलं नव्हतं. नोंद खरोखरच फसली होती. नोंदीचा नंबर नाही म्हणून आत रक्ताची नळी फेकून दिली गेली. ज्या बाईचं रक्त, ती गरोदर, दिवस भरत आलेले, चेहरा पांढराफटक. रिपोर्ट फोनवर कळवू असं सांगितल्यावर मेडशी गावच्या एसटीनं निघून गेली. तिचा फोन नंबर त्याच नोंदीत होता, म्हणजे कुठेच नव्हता. अनिसाला नाव आठवतं, सुनीता. आडनाव नाही.

इम्रानने आपल्या प्रोग्राममधली ती ओळ लगेच बदलली. एवढंच काम होतं. साहेब अजूनही म्हणतात, "येईल ना ते बाई, रिपोर्ट न्याले."

मेडशीला कुणी जायचं, हे अजून ठरलेलं नाही.