एकाच खड्ड्याचे सात फोटो

दुष्काळाची सालं लागोपाठ पडली, तेव्हा मी फुलंब्रीकडच्या गावांना इंटरनेटची केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो. नाव मोठं, काम एवढंच की चर खोदला की त्यात टेप धरायचा आणि फोटो काढायचा. केबल पाच फूट खोल पाहिजे असा नियम. फोटोत टेप पाच फूट दिसला की फाईल पास.

आमच्या गावाच्या अलीकडं नाला आहे. तेव्हा कोरडा ठाक, आणि वितभर मातीखाली नुसता काळा पत्थर. मशीनचे दात झिजले तसा ठेकेदार म्हणाला, "टाक दीड फुटावर. पाणी कुठाय वाहून न्यायला?" मी म्हणालो, व्हय. काठावर एका जागी पाच फूट खड्डा लागला होता. त्याचेच चारी बाजूंनी सात फोटो काढले. खड्ड्यात बाभळीची एक मुळी बाहेर आलेली, ती सातही फोटोंत आली. घरी धाकट्या बहिणीनं फोटो बघितले आणि म्हणाली, "दादा, सगळ्या खड्ड्यांत एकच मुळी कशी रे?"

"लई शहाणी झालीस. जा, चहा टाक."

केबल ग्रामपंचायतीत पोचली. बहीण तेव्हा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे आटलेल्या तळ्यात पळायची. वयात बसायचं तिचं ते शेवटचं साल. जातीचा दाखला नेमका फॉर्मच्या शेवटच्या दिवशी हातात पडला. संध्याकाळी सहाला फॉर्म बंद. ती दाखला घेऊन ग्रामपंचायतीत बसली आणि तेवढ्यात नाला खोल करणाऱ्या पोकलेननं केबल उपटली. पाणी अडवायचं काम चालू होतं, त्याचं तरी काय चुकलं!

फोनला बोलण्यापुरती रेंज होती, फॉर्म भरण्यापुरती नव्हती. तिनं विचारलं, "दादा, फुलंब्रीला जाऊन भरू का? दोनची एसटी उभीय."

"बस तिथंच. मी आहे ना. तासाभरात जोडतो."

मी चिकलठाण्यात होतो. जोडायला लागणारी केबल वाळूजच्या गोदामात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हे बोलतानाच मला माहीत होतं. तरी तोंडातून निघून गेलं. मोठा भाऊ ना मी!

नाल्यावर पोचलो तेव्हा पाच वाजले होते. सव्वासहाला ग्रामपंचायतीतल्या नेटच्या डब्याचा दिवा हिरवा झाला. तिचा फोन आला, "आलं नेट." बास, एवढंच. मला काहीच वाटलं नाही. हात धुतले, सामान गाडीत टाकलं.

आता ती बजाजनगरात राहते, वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मी जेवायला गेलो की कुठूनही विषय तिथंच यायचा. "मुडदा बशिवला त्या पोकलेनवाल्याचा! माझी भरती खाल्ली त्यानं." मी खाली मान घालून भाकरी कालवायचो. आत काही हलायचं नाही. वाईट वाटावं म्हणून वाट बघायचो, तेही वाटायचं नाही. अशी कितीतरी वर्षं गेली.

परवाच्या रविवारी तिनं पुन्हा सुरू केलं. मी म्हणालो, "त्याची चूक नव्हती. केबलच वर होती. ते फोटो..."

"एकाच खड्ड्याचे. माहितीय की."

"मग त्याला शिव्या का देती?"

"तुला कशा देऊ?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "दरवेळी विषय काढायचे, वाटायचं आज बोलशील. केबलचं काय नाय रे, तुटायचीच ती. पण एसटी समोर उभी होती, दादा. कंडक्टर हाका मारत होता. तू बस म्हणालास म्हणून बसले."

तिनं गरम भाकरी माझ्या ताटात टाकली आणि वर तेल-चटणी वाढली. इतकी वर्षं मी तिच्याकडं पोटभर जेवत आलो होतो. त्या दिवशी पहिला घासच गिळवेना.