मुरमाच्या उतारावरची बाबागाडी

मुलांनो, तुमच्या आत्याला बाळ झालं हे तुम्हाला कळलंच आहे. परवा तिने राजगुरुनगरहून फोन करून विचारलं, "आई, ती तीन चाकांची बाबागाडी कशी आहे? इथल्या रस्त्यावर चालेल का?" प्रश्न सरळ होता, पण मला एका वाक्यात उत्तर देता येईना. "लिहून कळवते," असं मी म्हटलं, आणि लिहायला बसल्यावर लक्षात आलं की हे आधी तुम्हालाच सांगायला हवं. थोरले, तुझ्या आईच्या डाव्या कोपरावर पांढरट व्रण आहे. तू त्याबद्दल विचारलंस तेव्हा ती "आजीला विचार" म्हणून मोकळी झाली. त्या व्रणाची गोष्ट आणि आत्याच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. धाकट्या, तू तेव्हा नव्हतास. पण तुम्ही सगळे परदेशी जाण्याआधी काही महिने तूही त्याच गाडीत बसलास, म्हणून तूही ऐक.

आम्ही तेव्हाही चिखलीतच राहत होतो. सोसायटीच्या मागून नदीकडे जाणारा रस्ता महापालिकेच्या कागदावर डीपी रोड होता, प्रत्यक्षात मुरूम टाकून सोडून दिलेला उतार. पावसाने त्यात चर पडलेले, मधून दगड वर आलेले. लग्नाआधीपासून तुमची आई पळायची, तीही सपाट मैदानावर नाही, डोंगरावर. थोरले, तुझ्या जन्मानंतर ते थांबलं. तुमचे बाबा चाकणला शिफ्टमध्ये, सकाळी कामावर तरी असत किंवा झोपलेले तरी. माझा उजवा हात त्या वर्षी मोडला होता, प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे तुला उचलणं मला शक्य नव्हतं. आजोबांना बाळ सांभाळता यायचं, पण त्यांचं सांभाळणं तुला मान्य नव्हतं. आई नजरेआड झाली की तू काळीनिळी होईपर्यंत रडायचीस.

तुमची आई तक्रार करत नव्हती. तेच मला खुपायचं. सगळं वेळेवर करायची, हसायचीसुद्धा, आणि मग बाल्कनीत उभी राहून त्या उताराकडे बघत राहायची. एके दिवशी मोठं खोकं घरी आलं. त्यात ही गाडी. पुढे एक चाक, मागे दोन, हवेचे टायर, मागच्या चाकांना स्प्रिंग, दांड्याला हातब्रेक. आईवडिलांनी मूल बसवून पळावं म्हणून बनवलेली. तिने ती जोडली नाही. आमच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "परत करायची मुदत आहे. तुम्ही दोघं तपासा. तुम्ही नाही म्हणालात तर परत पाठवते, वाद घालणार नाही."

ती खरंच वाद घालणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यामुळे 'नाही' म्हणणं फार सोपं होतं, आणि म्हणूनच फार अवघड.

मी इंग्रजी शाळेत शिकवलेलं, तेव्हा मी गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका घेऊन बसले. मूल आधाराशिवाय नीट बसू लागेपर्यंत पळताना गाडी वापरू नये. पळताना पुढचं चाक सरळ ठेवून खिटी लावून पक्कं करावं. दांड्याचा पट्टा मनगटात घातल्याशिवाय गाडी हलवू नये. मी डाव्या हाताने वाकडंतिकडं अधोरेखित करत गेले. आजोबांनी पुस्तिका बघितलीसुद्धा नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. खड्ड्यांच्या रस्त्यावर नवी गाडी मोडेपर्यंत चालवायची आणि कुठे मोडली ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याने आपला रस्ता पाहिलेला नाही.

त्यांनी तुझ्या वजनाइतके गहू पिशवीत भरले, पिशवी सीटवर ठेवून पाचही पट्टे लावले आणि पिशवीच्या पोटाशी एक स्टीलचा डबा बांधला. डब्यात विरजून घट्ट झालेलं दही. दही मोडलं तर बाळाला हादरे जास्त बसतात, असा हिशोब. मला हसू आलं, पण हरकत घेण्यासारखं काही सापडेना.

उताराच्या कडेला एका मावशींचं शेत होतं. इमारतींच्या मधोमध उरलेला तुकडा, त्यात त्या मेथी आणि कोथिंबीर लावायच्या. तुझी आई गहू बसवलेली गाडी घेऊन पळत खाली गेली आणि ढकलत वर आली. आजोबांनी डबा उघडला तर आत दह्याचं पाणी आणि गोळे. मावशी बांधावर बसून सगळं बघत होत्या.

"बाई," त्या मला म्हणाल्या, "ताक करायचं व्हतं तर घरात रवी न्हाई का?"

आजोबांनी टायरमधली हवा थोडी कमी केली. दुसऱ्या दिवशी दह्याला तडे गेले, पण दही बसलेलं राहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम पुढच्या चाकाची खिटी काढून ठेवली. काय बिघडू शकतं तेही बघायलाच हवं म्हणाले. ते चाक एका दगडाला लागलं आणि गाडी झटक्यात आडवी वळली. तुझ्या आईने मनगटावर ती तोलली. गव्हाची पिशवी पट्ट्यांत जागची हलली नाही. मला मात्र तेवढ्या क्षणात तिथे पिशवी दिसली नव्हती.

मावशींची चेष्टा त्या दिवशी थांबली. "एवढ्या लेकराला कशापायी," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा खुरपायला लागल्या.

पुढचे काही दिवस असेच गेले. खिटी लावून, ओल्या मुरमावर, उतारावर मध्येच हातब्रेक दाबून. शेवटी आजोबा म्हणाले, खिटी लावली आणि पट्टा मनगटात असला तर चालेल. मी पुस्तिकेतला एकेक नियम त्यांच्याकडून वदवून घेतला आणि मीही हो म्हटलं. मग त्यांनी तुझ्या आईला त्यांचा जुना नियम सांगितला: "आता या गाडीला काही लावायचं नाही. चाचणी झाल्यावर गाडीला स्टिकरसुद्धा लावत नाहीत. लावलं की ती दुसरी गाडी होते."

मध्ये खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी सगळी हत्यारं पाटावर मांडली जातात. आजोबांचे पाने आणि पक्कड, माझी विळी, मिक्सर, तुझ्या बाबांचा लॅपटॉप. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला खाली स्कूटरला हार घातला आणि तिच्या शेजारी ही गाडी उभी होती. घरातली नवी गाडी, आणि दसऱ्याला बिनहाराची? आजोबांनी दांड्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा एक लहान हार पुढच्या चाकाच्या वर, दोन्ही बाजूंच्या नळ्यांना बांधला. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. कुणाच्याही मनात काही आलं नाही. तू टाळ्या वाजवत होतीस.

दसऱ्याचा हार आपल्याकडे कुणी ओढून काढत नाही. रिक्षा असो, टेम्पो असो, तो वाळून आपोआप गळेपर्यंत मिरवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाच्या जागी तू बसलीस. मी पाचही पट्टे स्वतः डाव्या हाताने ओढून पाहिले. खिटी पाहिली, मनगटातला पट्टा पाहिला. आजोबांनी टायर दाबून पाहिले. मग आम्ही दोघं उताराच्या माथ्यावर उभे राहिलो आणि तुझी आई निघाली.

पहिला टप्पा ती सावकाश गेली. तू मागे वळून आम्हाला शोधत होतीस आणि गाडीचं छत मध्ये येत होतं. नंतर तिची पावलं लांब पडायला लागली. किती महिन्यांनी तिला तशी पळताना पाहिलं. आजोबा हलक्या आवाजात बोलत होते, डावीकडून, डावीकडून घे, चर आहे. ती डावीकडून गेली. मला वाटलं, झालं, आता सपाटी लागेल.

तिथेच गाडी थांबली. हळू होऊन थांबली नाही. कुणी समोरून धरावी तशी थांबली, आणि तिचं मागचं अंग वर उचललं गेलं. तुझ्या आईने सगळं वजन मागे टाकून दांडा खेचला. गाडी पुढे उलटायची ती बाजूला पडली, आणि पट्ट्याने बांधलेली तुझी आई तिच्याबरोबर मुरमावर फरपटली. मग काहीच आवाज आला नाही. तू रडायच्या आधीची ती शांतता होती. मी पुढे काय लिहू? मला त्या उतारावरून धावता येत नव्हतं. आजोबा धावले, एक चप्पल मध्येच राहिली. मी माथ्यावरून बघत उभी, प्लास्टरचा हात छातीशी धरून, आणि माझ्या कानांना फक्त तुझं रडणं हवं होतं.

ते आलं. जोरात आलं.

मी कशीबशी खाली पोचले तेव्हा मावशी आधीच तिथे होत्या. गाडी आडवी आणि तू पट्ट्यांत अडकलेली, हातपाय झाडत, संतापलेली. तुझ्या आईच्या कोपरातून रक्त येत होतं, पण ती आधी तुझं डोकं, मान, बोटं चाचपत होती. पुढचं चाक हलत नव्हतं. हार सैल होऊन चाकाला लागला होता, फुलं चिरडून गेली होती आणि दोरा आसाभोवती गच्च गुंडाळला गेला होता. हल्ली हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात, तो तुटत नाही.

मावशींच्या हातात विळा होता, तरी त्या थबकल्या. "द्येवाचा हार हाय," त्या म्हणाल्या.

"कापा, मावशी," तुझी आई म्हणाली.

त्यांनी विळा कपाळाला लावला आणि दोरा कापला.

तुला पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुला उलटंसुलटं करून पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली. तू बॅटरी पकडायला बघत होतीस. काही झालेलं नाही, म्हणाले, पट्टे नीट बांधले होते म्हणून. मग तुझ्या आईचं कोपर शिवलं.

घरी आल्यावर आजोबांनी माळ्यावरून खोकं काढलं आणि गाडीची चाकं सोडवायला लागले. कंपनीत दसऱ्याची पूजा मशीन बंद ठेवून व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत, मशीन सुरू करायच्या आधी, प्रत्येक हार उतरवला जायचा. तो उतरवला की नाही हे बघत आजोबाच फिरायचे. आता ते माझ्याकडे बघतही नव्हते. तुझी आई पट्टी बांधलेला हात घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, हारासकट चाचणी केली होती का?"

"नाही."

"मग गाडी परत कशाला पाठवायची?"

"माझ्या हाताने बांधला मी तो," आजोबा म्हणाले. "माझ्या हाताने."

मग ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर परत पाठवते."

मला नाहीच म्हणायचं होतं. डोळ्यांसमोर ती आडवी गाडी होती. पण तिने विचारलं होतं ते गाडीबद्दल, माझ्या भीतीबद्दल नाही. काय तुटलं, असं मी मनात विचारलं. काही नाही. काय टिकलं? बाळाचे पट्टे, मनगटाचा पट्टा, सांगाडा. आणि हेही आठवलं की रक्ताळलेल्या हाताने उठलेली तुझी आई त्या महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण जागी दिसली होती.

"ठेवू या," मी म्हटलं. "पण पुन्हा गव्हापासून सुरुवात."

आजोबांनी पाना खाली ठेवला. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघरात गेले, आणि डबा कुठे आहे म्हणून विचारू लागले.

पुन्हा गहू, पुन्हा दही. तुझ्या आईचे टाके निघाले, तू तिच्याबरोबर पुन्हा उतारावरून गेलीस, आणि माथ्यावर उभं राहून मी पहिले काही दिवस डोळे मिटून घेतले. ती निघण्याआधी आजोबा रोज जमिनीवर उकिडवे बसायचे, पुढचं चाक हाताने फिरवायचे, आसाभोवती बोट फिरवायचे आणि "हं" म्हणायचे. ते "हं" ऐकल्याशिवाय ती पाऊल टाकत नसे. धाकट्या, तुझ्या वेळीही तसंच. मावशी बांधावरून विचारायच्या, आज दही कसं लागलं. पुढे त्यांच्या शेताच्या जागी इमारत आली आणि त्या लेकाकडे राहायला गेल्या. उतारावर आता डांबर आहे.

आत्याला मी आता गाडीबद्दल एवढंच कळवते. टायर गेले आहेत, नवे घालावे लागतील. छत उन्हाने विरलं आहे. मागची एक स्प्रिंग करकरते. पुढच्या चाकाची खिटी घट्ट बसते. हातब्रेक लागतो. पाचही पट्टे आणि मनगटाचा पट्टा शाबूत आहेत.