हंड्याचं तोंड

चित्रकलेचे मास्तर मुरबाडात उतरायच्या आधी त्यांची बदनामी उतरली. हायस्कुलात जो नवा ड्रॉइंगमास्तर येतोय तो मुंबईत नागव्या बायका समोर बसवून चित्रं काढायचा, पोलिसांनी पकडला, म्हणून इकडे पळून येतोय, असं एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी बोललं. स्टँडवर त्या बायका दोन होत्या. बाजारपेठेतून देवळापाशी पोचेस्तोवर सात झाल्या. आठवीच्या पोरांनी तर पेन्सिलींना आगाऊ टोकं करून ठेवली.

खरी गोष्ट फारच कोरडी निघाली. गणू भोईर हे शहापूरकडच्या शेणव्याचे. मुंबईत एका गिरणीत चार वर्षं त्यांनी काय केलं, तर लाल बादल्यांवर पांढऱ्या रंगात ‘आग’ असं लिहिलं. वाळूच्या त्या बादल्या जागोजाग टांगलेल्या असत. शेवटच्या बादलीपर्यंत पोचावं तर पहिलीवरचं अक्षर पुसलेलं असे. संध्याकाळी क्लासला जाऊन त्यांनी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, आणि एकसष्ट सालच्या जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन ते मुरबाडला आले. नागवं असं त्यांनी मुंबईत काही पाहिलं असेलच, तर बिनरंगाची बादली.

पहिल्या दिवशी वर्गाची निराशा झाली ती झालीच, वर मास्तरांनी रबरं गोळा केली. दोघांची खरी होती, एकाचं सायकलच्या ट्यूबचं होतं.

“महिनाभर रबर नाय. चुकलेली रेघ राहू द्या. तिच्या बाजूला बरोबर मारा, म्हंजे चुकलेलीला लाज वाटंल.”

मग फूटपट्ट्या गेल्या. मग म्हणाले, आज चित्र काढायचंच नाय, नुसतं बघायचं. काय बघायचं, तर खिडकीचा गज. पंधरा मिनिटं अख्खा वर्ग गजाकडे बघत बसला. बाहेरून जाणाऱ्या शिपायाला वाटलं, आत कोण मेलं की काय. पुढचा आठवडा नुसत्या रेघा. आडव्या, उभ्या, तिरप्या, हाताने, पानभर. ज्यांना वाटलं होतं की ड्रॉइंग म्हणजे गणपती, झेंडा आणि आगगाडी, त्यांचे चेहरे रेघांपेक्षा लांब झाले.

या सगळ्या वेळात मास्तर एकदाही खुर्चीवर बसले नाहीत. त्यांना बसताच येत नसे. गिरणीत सगळी कामं शिडीवर उभ्याने केलेली, हे एक. दुसरं कारण त्यांच्या पोटात होतं, आणि ते त्यांना नेमणुकीच्याच दिवशी मिळालं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष कान्हाशेट, भाताच्या गिरणीचे मालक, त्यांनी मास्तरांना समोर उभं करून विचारलं होतं:

“समजा पोरगं कावळा काढायला शिकलं. समजा हुबेहूब काढला. आता मला सांगा मास्तर, तलाठी होताना त्याला कावळा विचारणार का?”

“नजर बसते, शेट.”

“नजर बसते. समजा बसली. पण गणित बसत नाय त्याचं काय? एक करू. ती एलिमेंटरी का काय परीक्षा असते ना, कल्याणला? पाच पोरं बसवा. समजा एक तरी पास झालं, तर ड्रॉइंग राहील. नाय झालं तर ते तास गणिताला, आणि तुमी शेणव्याला.”

शेणव्याला म्हणजे तिथून परत मुंबईच्या बादल्यांकडे, हे मास्तरांनी स्वतःशीच पुरं केलं. म्हणून ते चालायचे. बाकांच्या दोन रांगांमधून जाताना डाव्या चपलेचा चट्, वळताना उजवीचा फट्, कानावर खडू, आणि दर चार पावलांनी कुणाच्या तरी डोक्यावर टपली: “वहीत काय बघतो? तिथं बघ. तिथं हाय ते.” हे सगळं चट्‌फटीसकट मधल्या सुट्टीत जो करून दाखवायचा, तोच हे लिहितोय. त्याच्याबद्दल इतकं पुरे.

जुलैत मास्तरांनी टेबलावर तांब्याचा हंडा ठेवला आणि वर्गाला काढायला सांगितला. बेचाळीस वह्यांमध्ये बेचाळीस हंडे निघाले, आणि सगळ्यांची तोंडं चंद्रासारखी पुरती वाटोळी. खालचं पोट बाजूने दिसतंय आणि तोंड वरून, जणू हंडा मान मोडून आभाळाकडे बघतोय. मास्तरांनी दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. या पोरांच्या घरी हंडा असतो जमिनीवर. टेबल म्हणजे काय ते त्यांनी शाळेतच पाहिलेलं. जन्मापासून प्रत्येकाने हंड्यात वरूनच पाहिलेलं, पाणी किती उरलंय म्हणून.

त्यांनी फळ्यावर लंबगोल काढला. “इथून तोंड असं दिसतं. चेपलेलं.”

बाकीच्यांनी मुकाट्याने चेपलं. पहिल्या बाकावरच्या भागीरथीने पेन्सिल खाली ठेवली. ही गावाबाहेरच्या पाड्यावरून रोज कोसभर चालत येणारी, शाळेआधी चार खेपा पाणी भरून येणारी मुलगी. वर्गात मोजून तीन मुली होत्या, त्यात बोलणारी ही एकच.

“मास्तर, मी नाय चेपणार.”

“का गो?”

“तोंड गोल हाय. मी रोज बुडवते हिरीत. येवढ्याशा तोंडात माझा हात तरी जाईल का?”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी हंडा उचलला, चट्‌फट् करत बाहेर नेला आणि व्हरांड्याच्या कडेवर ठेवला. खाली अंगणात उतरायला पाच पायऱ्या होत्या. भागीला त्यांनी सगळ्यांत खाली उभं केलं.

“काय दिसतं?”

“हंडा.”

“तोंड दिसतं?”

भागी वाकली, उभी राहिली. “नाय. नुसती कड दिसते. रेघ.”

“एक पायरी चढ.”

ती चढली. रेघ जराशी उघडली. दुसरीवर आणखी उघडली. भागी परत खाली आली, परत चढली, मग आपली आपणच चार वेळा वर-खाली करत राहिली. वर्ग खिडकीला चिकटून बघत होता. पाचवीवरून तिने व्हरांड्यात पाय ठेवला आणि हंड्याच्या अगदी वर उभी राहून आत पाहिलं.

“आता गोल,” ती म्हणाली. “म्हंजे मी पण खोटं नाय बोलले.”

“नाय बोललीस,” मास्तर म्हणाले. “पण तू कुठं उभी हायस, ते हंड्याला विचारत जा.”

त्यानंतर परीक्षेपर्यंत हंडा टेबलावरून हलला नाही. मास्तरांनी पाच जण निवडले. त्यांचा खरा भरवसा होता रघूवर. रघू कॅलेंडरवरची देवी अशी उतरवायचा की बघणाऱ्याने हात जोडावेत. लंबगोल तर तो डोळे मिटून काढी, रोज तोच, रोज तितकाच. भागी मात्र दर वेळी मान पुढे करून, मागे घेऊन, अर्धा तास नुसती बघत बसायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने काहीतरी काढायची. तिसरा आणि चौथा बेताचेच. पाचवा हे लिहिणारा, संख्या भरायला.

कल्याणला जाताना एस.टी.त मास्तर उभेच होते, जागा रिकाम्या असून. या पाचव्याला गप्प बसवेना.

“मास्तर, रघू पास. भागी नापास. ती तिथं पण वाटोळं तोंड काढणार, बघा तुमी.”

“पास होईल,” मास्तर म्हणाले.

“लावता पैज?”

मास्तरांनी वरच्या दांडीवरचा हात बदलला. “लावली. ती पास झाली तर तू वर्गासमोर स्टुलावर बसायचंस. एक तास. हलायचं नाय, बोलायचं नाय, कुणाचा आवाज काढायचा नाय. वर्ग तुझं चित्र काढील.”

“आणि नापास झाली तर तुमी खुर्चीवर बसायचं. एक तास.”

मागे बसलेली भागी खिडकीतून बाहेर बघत होती. ऐकू तर तिला सगळंच येत होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये मास्तरांना जायला मनाई. ते फाटकाबाहेर फेऱ्या मारत राहिले. पेपर सुटला आणि रघू धावत आला. “मास्तर, भागीनं वाटोळं काढलं. मी बाजूलाच होतो. मी बरोबर चेपलं.”

मास्तर थांबले. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना पुरतं थांबलेलं पाहिलं. भागी मागून येत होती.

“गोल काढलंस?”

“दिसलं तसं काढलं,” ती म्हणाली.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. परतीच्या गाडीतही ते बसले नाहीत. आता सगळा भार रघूवर, असं त्यांनी मनाला समजावलं, पण मन काही ऐकत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत शेणव्याला गेले तर तिथेही अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांची आई, जनाबाई, सूप घेऊन बसलेली.

“बस रे जरा. कोंबड्या पण दमल्या तुला बघून.”

“बसतो,” म्हणत ते वळले आणि पायाशी कळशी आली. ती ओलांडता ओलांडता त्यांनी खाली पाहिलं. तोंड गोल होतं, जवळजवळ पुरतं. ते दोन पावलं मागे गेले, पुढे आले, वाकले, उभे राहिले. जनाबाईने सूप खाली ठेवलं. पोराला मुंबईने बिघडवलं हे तिला आधीपासून वाटतच होतं.

शाळा उघडली त्या दिवशी मास्तर घंटेच्या आधी फाटकात.

“भागे. कल्याणला वस्तू कुठं ठेवली होती?”

“कळशी? खाली. पाटावर.”

“आणि तू?”

“मी स्टुलावर, पहिल्या रांगेत. कळशी माझ्या पायाशीच होती. तुमी विचारलं नाय तवा.”

रघूही तिथेच बसला होता, तिच्या बाजूला. पायाशी कळशी असून त्याने चार महिने पाठ केलेला टेबलावरचा लंबगोल काढला होता. आणि हंडा टेबलावरून कुणी हलू दिला नव्हता, तर मास्तरांनी. त्या दिवसापासून हंडा रोज नव्या जागी दिसू लागला. कधी जमिनीवर, कधी खिडकीत, एकदा तर कपाटावर.

निकालाचा कागद आला तो कान्हाशेटांच्या हातात आधी पडला. ते तो घेऊन वर्गात आले. पाच नावं, चार नापास. एक पास, क श्रेणी.

“समजा हे खरं आहे,” शेट म्हणाले, आणि कागद उजेडाकडे धरला. “ही भागीरथी कोण?”

भागी उभी राहिली. शेटांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बरं. राहू द्या ड्रॉइंग,” एवढं म्हणून कागद टेबलावर ठेवून गेले. रघू वहीत तोंड घालून बसला होता. मास्तर त्याच्यापाशी गेले आणि टपली न मारता म्हणाले, “पुढल्या साली. चूक माझी होती, तुझी नाय.”

मग त्यांनी स्टूल उचललं आणि वर्गाच्या मधोमध आणून ठेवलं. कुणाकडे बघितलंही नाही. गरजच नव्हती.

हे लिहिणारा जाऊन बसला. एक्केचाळीस जण त्याच्याकडे बघत होते, तेही असे, की जणू तो खिडकीचा गज. नाकावर माशी बसली, उठली, परत बसली. मागच्या बाकावरून कुणीतरी कान्हाशेटांचं “समजा” काढलं, तेही चुकीच्या सुरात, आणि ते दुरुस्त करायची सोय नव्हती. मास्तर चालत होते, चट् आणि फट्. भागी पहिल्या बाकावर हात बांधून बसली होती. बघत होती. पेन्सिलीला तिने हातही लावला नव्हता.

घंटा झाली. पायाला मुंग्या आलेल्या, तरी तो उठायला लागला.

“बस,” मास्तर म्हणाले. “भागीचं व्हायचंय अजून.”

पैज एका तासाची होती. पण हे त्यांना सांगायचं तर बोलावं लागलं असतं.